कोशिंबीर खाऊन मरायला टेकलेलं जंगल

एका जंगलात सगळे फार घरंदाज होते. म्हणजे भांडायचे, ढापायचे, चुगल्या करायचे, ते सगळं होतंच. पण सकाळी झुडपामागे जाऊन आल्यावर तिथलं अवाक्षर कुणी काढत नसे. हसताय काय रे? तुमच्या घरी सांगतात का चारचौघांत?

तर या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. अंगावर काटे, पण जीव लोण्याचा. ओढ्याकाठी तिचा जमिनीचा एक तुकडा होता आणि त्यात बीट असं काही यायचं, की विचारू नका.

एक दिवस तिथे प्रधानजी आले. प्रधानजी म्हणजे रानडुक्कर. म्हणाले, "साळूबाई, जमीन तुझी कशावरून? कागद दाखव."

आता जंगलात कागद कुणाकडे असतो? प्रधानजींकडेही नव्हता. पण त्यांना कोण विचारणार? तुकडा गेला. साळूबाई रडली, महिनाभर नीट जेवली नाही. आईच्या हातची जमीन होती ती.

पुढे महाराजांचा वाढदिवस आला. महाराज म्हणजे अर्थातच सिंह. गुडघे धरल्यापासून वैद्यांनी त्यांना मटण बंद केलं होतं. त्यात कावळा रोज पहाटे झाडाझाडावर ओरडत सुटायचा, 'बीट खा, रक्त वाढवा! दहा जणांना सांगा!' झालं. मेजवानीला बीटच हवं आणि ते साळूबाईनेच करावं, असा हुकूम निघाला.

साळूबाईच्या मनात आलं, महाराज खूश झाले की आपला तुकडा परत मागायचा.

ती बीट काढायला ओढ्यावर गेली. प्रधानजी नारळाएवढाले गड्डे पुढे सरकवू लागले. "हे घे. मोठं ते चांगलं."

"मोठं आतून लाकूड निघतं, प्रधानजी," ती म्हणाली. प्रधानजींनी ते मनाला लावून घेतलं. तिने मुठीत मावतील असे, हाताला जड लागणारे, शेपूट शाबूत असलेले गड्डे वेचले.

मग सालासकट उकडले. आधी सोललं तर सगळा रंग पाण्यात जातो आणि मागे उरतो तो पांढराफटक चोथा. गार झाल्यावर साल अंगठ्याने आपोआप सुटली. बीट किसलं, दाण्याचं कूट घातलं, मीठ घातलं, साखरेची चिमूट. वर जिरं-मिरचीची चुरचुरीत फोडणी. आणि दही अगदी पानं वाढताना.

अहाहा! कोशिंबीर अशी गुलाबी झाली, की महाराज भाकरी विसरून नुसतीच ओरपायला लागले. सशिणीने पोरांच्या ताटातलीही संपवली. प्रधानजींनी पातेल्यात तोंड घातलं ते बाहेर काढेनात. तुकड्याचं उद्या बोलू, असं साळूबाईने ठरवलं. खाताना कुणाला अडवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या झुडपामागे गेले.

आणि सगळ्यांना लाल दिसलं.

बाळांनो, बीट खाल्लं की काही जणांना तसं होतं. त्या जंगलात मात्र झाडून सगळ्यांना झालं. पण बोलणार कोण? घरंदाज ना! साळूबाईला ते नेहमीचंच; बाकी जो तो मनाशी म्हणाला, आपले दिवस भरले. आणि चेहरा सरळ ठेवून परत आला.

मग काय गंमत झाली! कावळ्याने चिमणीचं घरटं स्वतःच्या चोचीने शाकारून दिलं. लांडग्याने शेळीचे पाय धरले आणि चावलाही नाही. प्रधानजी तर साळूबाईच्या बिळासमोर येऊन भुईला नाक घासायला लागले. "बाई, तुकडा तुझा. चुकलो. जाताना मनावर ओझं नको."

"जाताना म्हणजे कुठे?" साळूबाईने विचारलं.

"ते विचारू नकोस," म्हणत ते हुंदके देत निघून गेले.

साळूबाई धावत ओढ्यावर गेली. मातीत लोळली. काट्यांत ढेकळं अडकली तरी उठेना. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात दवंडी आली, सगळ्यांनी दरबारात या.

महाराज पडून होते. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता प्यायचं तरी कशाला, असं त्यांना वाटत होतं. आयाळ पार चिकटली होती. "आम्ही निघालो," ते पुटपुटले. कोपऱ्यात सशीण पोरांना पोटाशी धरून रडत होती. "मावशीचं ऐका रे, माझ्यामागे."

साळूबाईच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. गप्प बसली असती तर तुकडा तिचाच होता. पण त्या पोरांकडे बघून तिला राहवेना.

"अहो, तुम्हाला लाल होतंय ना?" ती भर दरबारात ओरडली. "ते बिटाचं आहे! कुणी मरत नाही!"

मग एकेकाचा श्वास सुटला. महाराज घागरभर पाणी प्यायले आणि ताठ उठून बसले.

"साळूबाई," ते गरजले, "हा विषय चारचौघांत काढतात?"

"शिव शिव," सशीण म्हणाली, आणि पोरांचे कान झाकले.

प्रधानजी पुढे आले. डोळे केव्हाच कोरडे झाले होते. "महाराज, मी तुकडा दिला तो मरतोय म्हणून. मेलो तर नाही. मग दान कसलं?"

"बरोबर आहे," महाराज म्हणाले. "न मेलेल्याचं दान परत."

कावळ्याने घरट्यातल्या काड्या उपसल्या. लांडग्याने शेळीकडे पाहिलं. शेळी पळाली.

"आणि मी तुम्हाला वाचवलं, त्याचं काय?" साळूबाईने विचारलं.

"त्याचं आम्हाला फार कौतुक आहे," महाराज म्हणाले. "पुढच्या वाढदिवसालाही कोशिंबीर तूच कर. बीट प्रधानजींकडून घे. मोठं मोठं बघून."

तात्पर्य: खरं जरूर बोलावं. पण घाई करू नये. लोक मरणाला भिऊन चांगले वागत असतील, तर त्यांना चार दिवस भिऊ द्यावं, तेवढ्यात कुंपण घालून घ्यावं, आणि मग सावकाश सांगावं, की तुम्ही जगणार आहात.