पहिल्या रांगेचा तंबू

तयारी म्हणजे काय, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. उन्हाळ्यातल्या त्या संगीत महोत्सवाला लोक कसे जातात? आदल्या दिवशी पिशवीत दोन कपडे कोंबतात, निघतात, आणि मग पार मागे टाचा उंच करकरून माना मोडून घेतात. मी त्यातला नाही! थंडी सरायच्या आधीच मी तयारीला लागलो होतो.

त्याला कारणही तसंच होतं. आमचा लाडका बँड मागे एकदा त्याच मैदानात वाजवून गेला, तेव्हा मी एका उंच माणसाच्या मागे उभा होतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मी फक्त त्याची पाठ पाहिली. शर्टावर भिंतीच्या रंगाची जाहिरात होती, ती मला अजून तोंडपाठ आहे. त्यानंतर बँडमधल्या मंडळींचं आपापसात फाटलं आणि सगळे पांगले. आता इतक्या वर्षांनी ते एका संध्याकाळपुरते एकत्र येणार होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडणार नाहीत कशावरून? म्हणजे ही एकच संध्याकाळ. पहिली रांग, पुढच्या लोखंडी कठड्यावर माझे दोन हात आणि समोर आमचा बँड. मला आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

अशा वेड्यांचा फोनवर एक ग्रुप होता. नाव ‘पहिली रांग’. त्यात एवढी माणसं होती की तीन पहिल्या रांगा भरल्या असत्या, पण हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. सकाळी उठल्यापासून तिथे खल चाले. पहिलं गाणं कुठलं? ड्रमवाल्यानं केस का कापले? एकानं गिटारवाल्याला म्हणे दुकानात छत्री घेताना पाहिलं. त्यावरून दोन तट पडले. एक म्हणे, पावसाचं गाणं वाजणार. दुसरा म्हणे, पाऊसच पडणार. चार दिवस दोन्ही तट एकमेकांशी बोलत नव्हते.

माझी अडचण जरा वेगळी होती. मी कान तपासतो. डॉक्टर नव्हे हं! आमच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला मी एका बंद खोलीत बसवतो, डोक्यावर हेडफोन चढवतो, बारीक-मोठ्या शिट्ट्या ऐकवतो आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणतो. जाताना ‘मोठ्या आवाजापासून लांब राहा’ असं बजावतो. आणि संध्याकाळी घरी येऊन खिडक्या थरथरतील असा बँड लावतो. त्यामुळे रजा मागताना मी बाईंना एवढंच म्हणालो की मोकळ्या हवेत, तंबूत राहायला चाललोय. बाईंना फार बरं वाटलं. कानांना विश्रांती मिळेल, म्हणाल्या.

तंबूचं मात्र खरं होतं. मैदानाच्या कडेला तंबूत मुक्काम केला की पहाटे सगळ्यांच्या आधी कठडा गाठता येतो, असा माझा डाव होता. मी आपोआप उघडणारा तंबू आणला. सोबत कपाळावर बांधायचा दिवाही आणला. तंबू थाळीसारखा गोल, चपटा, पिशवीत बसणारा. एका रविवारी हॉलमध्ये उभा राहून मी त्याची नुसती दोरी सोडली.

पुढचं मला नीट दिसलंच नाही. फटकन आवाज झाला, कोपऱ्यातला दिवा उडाला, आणि हॉलमध्ये हॉलएवढा तंबू उभा राहिला. सोफा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

‘‘छान,’’ बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ‘‘आता मिट.’’

तंबू मिटायचा कसा, याचा एक व्हिडिओ असतो. त्यात एक हसरी मुलगी तंबूला आठाच्या आकड्यासारखा पीळ देते आणि गप्पा मारता मारता पिशवीत घालते. मीही पीळ दिला. तंबूनं तो पीळ मला परत दिला. बायकोनं एक टोक धरलं, मी दुसरं. शेजारचा फुलवाला हाक मारल्यावर आला आणि मध्ये बसला. शेवटी आम्ही तिघं तंबूच्या खाली आणि तंबू होता तसाच! फुलवाल्यानं बाहेर येऊन कपडे झटकले आणि म्हणाला, राहू दे, महोत्सव काय चार महिन्यांवर तर आलाय.

त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या घरात पाण्याचा पाइप फुटला. फरशी उखडावी लागली आणि बाबा आठ दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आले. बाबा निवृत्त हेडमास्तर. सगळा जन्म त्यांनी वर्गावर्गात ‘शांतता’ म्हणत काढलेला. आता ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र मीच बसवून दिलंय. मी गाणी लावली की ते यंत्र काढून खिशात टाकतात. मग कुणी काही विचारलं तर बाबा गंभीरपणे मान डोलावतात. अर्धी दुनिया त्यांना फार समजूतदार समजते ती त्या मान डोलावण्यामुळे.

त्यांची झोपायची जागा म्हणजे हॉल, आणि हॉलमध्ये तंबू. बाबांनी तंबूला एक फेरी मारली, चेन उघडली, उशी आत टाकली आणि आत जाऊन चेन लावून घेतली. सकाळी बाहेर आले तेव्हा चेहरा असा की डोंगरावर तप करून आलेत.

‘‘जावईबापू, ही खोली उत्तम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘हिच्यात विचारल्याशिवाय कुणी येत नाही.’’

आठ दिवस झाले, पंधरा झाले, तिकडे फरशी बसली, कोरडीही झाली. बाबा काही हलेनात. तंबूत त्यांनी स्टूल नेलं, रेडिओ नेला, चष्म्यासाठी खिसा सापडला म्हणून खूश झाले. बाहेर पायपुसणं आलं. एक दिवस दवाखान्यातून आलो तर तंबूच्या चेनीपाशी बॅटरीवरची घंटा लटकत होती. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच तंबूत, मला घंटा वाजवून जावं लागायचं! बायको मात्र रोज संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन आत जायची आणि तास तास बाहेर यायची नाही. तिच्या लहानपणी बाबा इतके कधी बोललेच नव्हते, असं एकदा मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. त्यानंतर तंबू रिकामा करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी मिळेल तेवढ्या जागेत सराव करत राहिलो. पहिल्या रांगेत दिवसभर उभं राहायचं म्हणजे पाय हवेत. मी जेवण उभ्यानं करू लागलो. दवाखान्यातही उभा. डॉक्टरीणबाईंना मूळव्याधीची शंका आली आणि त्यांनी अगदी हळू आवाजात एका चांगल्या डॉक्टरचा नंबर दिला. घरी फुलवाला आणि बायको दोन्ही बाजूंनी मला उशांनी ढकलायचे आणि मी बाल्कनीचा कठडा सोडायचा नाही. फुलवाला यात गरजेपेक्षा जास्त रमायचा, असं मला वाटतं.

आणि मग ती इस्त्री. बँडचं चित्र असलेला टी-शर्ट त्या दिवसासाठी कडक असावा म्हणून मी दर आठवड्याला त्याला इस्त्री करायचो. ऐन इस्त्रीत फोन किणकिणला. ‘पहिली रांग’! वेळापत्रक जाहीर झालं होतं! आमचा बँड शेवटच्या दिवशी, मावळतीला! मी इस्त्री तशीच टेकवून फोनवर नाचलो. टेकवली होती तंबूला. वास आला तेव्हा तंबूला चांगलं टोपलीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून बाबा माझ्याकडे शांतपणे पाहत होते.

‘‘खिडकी हवीच होती,’’ ते म्हणाले. ‘‘पण जरा वर चालली असती.’’

एवढ्या भोकाला ठिगळ कुठून आणायचं? दवाखान्याच्या माळ्यावर गेल्या वर्षीच्या शिबिराचा कापडी फलक पडला होता. ‘मोफत कानतपासणी’ असं लिहिलेला, मध्ये वॉशबेसिनएवढा गुलाबी कान. मी तो मागून आणला. बायकोनं तो कापून चारी बाजूंनी पक्का शिवला. मापाला बसणारा तुकडा नेमका कानाचा निघाला. वर ‘मोफत’ तेवढं शिल्लक राहिलं. त्या दिवसापासून टीव्ही बघताना तो कान माझ्याकडे बघायचा.

महोत्सवाचा शेवटचा दिवस जवळ आला, आदल्या रात्रीच निघायचं होतं. बायकोनं ठरलेला प्रश्न विचारला: तंबू न्यायचा तर बाबांचं काय? बाबांनी चेनीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, तंबू जिथे, तिथे ते. माझी तिकिटं दोनच होती. पण महोत्सवाच्या नियमांत तळाशी लिहिलं होतं की सत्तरीपुढच्यांना प्रवेश मोफत. असं कुणी येणारच नाही, या भरवशावर लिहिलं असणार!

मिटत नाही म्हणून तंबू आम्ही तसाच दाबून दारातून काढला. जिन्याच्या वळणावर अडकला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक उतरायचे थांबले आणि खालचे चढायचे. शेवटी तो फुलवाल्याच्या उघड्या टेंपोवर चढला, दोरीनं बांधला, आणि बाबा स्टूल घेऊन त्यात जाऊन बसले. ऊन नको म्हणून, असं म्हणाले. यात रात्र आणि सकाळ अशी गेली की पहाटे गाठायचा कठडा दुपार कलली तरी लांबच होता. फाटकाशी पोचलो तेव्हा आत ‘पहिली रांग’वाले कधीच रांगेत जाऊन बसले होते. ग्रुपवर त्यांचे फोटो येत होते. सगळ्यांचे हात कठड्यावर. मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात वॉकीटॉकी घेतलेली एक बाई धावत टेंपोपाशी आली. तिनं तंबूवरचा कान पाहिला. आत बसलेले पांढऱ्या केसांचे, गंभीर चेहऱ्याचे बाबा पाहिले.

‘‘कानांचं पथक ना तुम्ही?’’ ती म्हणाली. ‘‘सकाळपासून वाट बघतेय मी!’’

बाबांच्या कानात यंत्र नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

मी खुलासा करणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं. पण ती पुढे म्हणाली की नियमाप्रमाणे कानांचा तंबू मोठ्या स्पीकरांजवळ, स्टेजच्या अगदी पुढ्यात, कठड्याच्याही आतल्या बाजूला लागतो. कठड्याच्या आत! पहिल्या रांगेच्याही पुढे! मी उघडलेलं तोंड मिटलं. बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. तीही मी टाळली.

दहा माणसांनी तंबू उचलून स्टेजसमोर नेला आणि खुंट्या ठोकल्या. दार आणि त्याच्या बाजूचा कान गर्दीकडे, पाठ स्टेजकडे. पेशंट गर्दीतून येणार ना! मी म्हटलं, असू दे, बँड सुरू झाला की बाहेर येऊन उभं राहू. कपाळाला दिवा बांधून मी नुसता आत डोकावलो, तर मागोमाग एक मुलगी आत येऊन बसली आणि कान पुढे केला. तिच्यामागे रांग. मी डॉक्टर नाही, असं मी ओरडून सांगितलं. पण तिथे कुणाला काय ऐकू येणार? ऐकू येत नाही म्हणूनच तर आले होते सगळे!

मावळतीला आमचा बँड स्टेजवर आला. मैदानानं एकच गर्जना केली. मी स्टेजच्या इतका जवळ होतो की ड्रमच्या दर ठोक्याला तंबूचं कापड माझ्या पाठीवर आपटत होतं. आणि समोर कान. मोठे, छोटे, टोचलेले, उन्हानं सोललेले. एकाच्या कानातून कापसाचा बोळा निघाला. तो कधीपासून आहे हे त्याला आठवेना. मग एक माणूस पार कमरेत वाकून आत आला. बसला तरी डोकं छताला लागत होतं. म्हणाला, मागच्या वेळी इथेच होतो, तेव्हापासून डाव्या कानात शिट्टी वाजते. मी त्याला पाठ वळवायला सांगितलं. शर्टावर भिंतीच्या रंगाची जाहिरात होती.

त्याचा कान मी जरा कडक हातानंच तपासला.

सगळं संपल्यावर बायको आत आली. घाम, विस्कटलेले केस, आणि हातात ड्रमवाल्यानं गर्दीत भिरकावलेली काठी. ती तंबूच्या शेजारी उभी राहून सगळं पाहून आली होती. पहिलं गाणं पावसाचंच होतं म्हणाली. तिच्यामागून बाबा आले. ते इतका वेळ तंबूबाहेर, मोठ्या स्पीकरला टेकून, स्टुलावर बसल्या बसल्या झोपले होते.

‘‘जागा शांत आहे,’’ त्यांनी मला सांगितलं. ‘‘पुढच्या वर्षीही इथेच लावू.’’

तंबू परत हॉलमध्ये आला. ड्रमच्या त्या काठीवर बाबांचा टॉवेल वाळतो. आणि ‘पहिली रांग’ ग्रुप आठवडाभर पेटलेला होता. जो तो आपले फोटो टाकत होता, आणि प्रत्येक फोटोत बँडच्या जागी एक भलामोठा गुलाबी कान. वर ‘मोफत’. कुठल्या मूर्खानं ऐन पुढ्यात तो तंबू ठोकला, चार महिने वाट बघून शेवटी फक्त कान बघितला, सापडला तर सोडणार नाही, असं सगळे लिहीत होते.

मीही खाली एक लालबुंद संतापलेला चेहरा टाकला. काय करणार? ग्रुपमध्ये राहायचंय ना मला!