आधी आपली बाजू

वाघमारे सरांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की ते ‘पोचलं’ म्हणतात. मग ते ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात आणि आपणही ‘पोचलं’ म्हणायचं, नाहीतर ते पुन्हा म्हणतात. डांगे चौकात कंपनीच्या बसमध्ये चढताना ड्रायव्हरचं ‘पोचलं’ ऐकल्याशिवाय ते जागेवर जात नाहीत. मागं रांग खोळंबते. मग शिव्याही पोचतात.

आमच्या चाकणच्या कंपनीत सर नेटवर्क सांभाळतात, मी स्टोअर. स्क्रीन अडकली, की मी नेटवर्कच्या नावानं बोटं मोडतो. सर म्हणतात, “रस्त्याला शिव्या देऊ नका राव. आधी आपली बाजू तपासा.”

मागच्या महिन्यात तेच झालं. आमचा प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनवर चालतो. म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात बरीच मशिनं वसवलेली, त्यातलं एक आमचं. सरांच्या भाषेत, “भोसरीतल्या खोल्या. भाडेकरू डझनभर, नळ एक.” शेजारच्या मशीननं भर शिफ्टमध्ये बॅकअप काढायला घेऊन सगळं पाणी पळवलं होतं. “बघा! रस्ता मोकळा. मारामारी घरातच!” सर खूश.

तेवढ्यात त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मला एक काळी चौकट दिसली. तीत कुणाचं तरी उत्तर येत होतं, ओळीमागून ओळ.

“हा कुठला सर्व्हर, सर?”

“सर्व्हर नाही. जर्मनीत आमच्या प्राजक्ताच्या घरचा राउटर. ती तिकडं नोकरीला गेली, तेव्हा मीच इथून चालू करून दिलेला.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “लग्न तिनं स्वतःच्या मनानं केलं. मी म्हटलं, परत फोन करू नको. पोरगी शब्दाची पक्की निघाली, राव. हा डबा मात्र हाक मारली की ओ देतो. घर चालू आहे, एवढं तरी कळतं.”

मी म्हटलं, “पोचलं.”

गेल्या सोमवारी ती उत्तरं थांबली. सरांनी केबल बदलून पाहिली, जेवणाची सुट्टी झाली तरी ते खुर्चीतून हलले नाहीत. दोष काही सापडेना.

“घर बदललं असेल तिनं,” मी म्हटलं.

“मला न सांगता?” सर म्हणाले. सांगणार कशी बिचारी?

मला राहवेना. “सर, आपली बाजू तपासली का?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं, आता खातो मी शिव्या. पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली.

“पप्पा?” पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “पप्पा, आवाज येतोय का माझा?”

सर नुसते मान हलवत होते. जगाकडून पोच घेणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी मीच शेजारून ओरडलो, “येतोय गं, येतोय! फोन ठेवू नको!”