क्रूस गुलाबी झाला त्याची गोष्ट

त्या रविवारी दुपारी ॲन्सेल्म सर वेलंकनीच्या मातेच्या डोक्यावरचा निळा मुकुट फिरवून काढत होते आणि त्यांच्या पत्नी हिल्डाबाई शेजारी उभ्या राहून त्यांना नरकाचा रस्ता समजावून सांगत होत्या. माता प्लास्टिकची, वीतभर उंच. यात्रेहून पवित्र पाणी आणायला मिळते ती बाटली. मुकुट हे तिचं झाकण. सरांनी आतलं पाणी जास्वंदीला घातलं आणि ते तिच्यात फिनॉल्फ्थॅलिन भरू लागले. हे द्रव्य दिसतं पाण्यासारखं, पण चुन्याला किंवा साबणाला लागलं की गुलाबी होतं.

"अख्ख्या माणिकपूरच्या बाजारात अशी थेंब थेंब सोडणारी बाटली नाही," सर म्हणाले.

"मातेला काय वाटेल, अहो?"

"मातेनेही मुलगा वाढवलाय. पोरांच्या उद्योगाचं तिला काही वाटणार नाही."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून सर दर रविवारी चार वाजता होळी गावातल्या मुलांना आपल्या अंगणात विज्ञानाचे प्रयोग करायला लावत. त्यांची मुलगी एलिना मुंबईला नोकरी करी. रविवारी ती ओट्यावर पुस्तक घेऊन बसे. त्या दिवशी मुलांनी पाण्याचं रॉकेट उडवलं. ते शेजारच्या शर्ली आंटींच्या केळीत पडलं. आंटी नेहमीप्रमाणे भांडायला आल्या आणि नेहमीप्रमाणे केक खाऊन गेल्या. गुलाबी पाण्याचा प्रयोग पुढच्या रविवारी करायचं ठरलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला सर गेले. हृदय.

घरात माणूस गेलं की होळीत शेजारच्या बायका न सांगता येऊन घर आवरतात. शर्ली आंटींनी सरांच्या खोलीत पाऊल टाकलं तर बॅटऱ्या, भिंगं आणि बेडकाचा सांगाडा यांच्या मधोमध माता उभी. आंटींनी तिची क्षमा मागितली, पदराने तिला पुसलं आणि हॉलमधल्या अल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, घरातल्या दुसऱ्या मातेशेजारी नेऊन ठेवलं. अल्तारावर दोन माता झाल्या. एकीत पवित्र पाणी होतं. कोणीच काही विचारलं नाही.

महिनाभर हिल्डाबाई पेजेवर होत्या. ताट पुढे आलं की दोन घास घेत आणि उठत. एलिनाने सुट्टी वाढवली, पण दोघी एकाच घरात दोन वेगळ्या खोल्यांत गप्प बसत.

सर गेल्याच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, शनिवारी होती. मिस्सानंतर घरी प्रार्थना, म्हणून सरांचे चुलतभाऊ डेरिक यांनी सकाळीच अंगणातल्या क्रूसाला चुन्याची सफेदी दिली. फादर एडवर्ड स्कूटरवरून आले आणि पवित्र पाणी चर्चमध्येच विसरले. "घरात आहे की," म्हणत शर्ली आंटींनी अल्तारावरची जास्त भरलेली माता उचलली आणि वाडग्यात पालथी केली. फादरांनी आंब्याची डहाळी बुडवली, क्षणभर नाक आक्रसलं आणि ओल्या क्रूसावर तीनदा शिंपडलं.

क्रूस गुलाबी झाला. आधी ठिपके उठले, मग ओघळ. प्रार्थना म्हणणारे चाळीस जण एकाच शब्दावर थांबले.

सगळ्यांत आधी शर्ली आंटी गुडघ्यावर आल्या. मागोमाग सगळ्यांनी वाडग्यात बोटं बुडवून कपाळावर क्रूसाची खूण केली. डेरिकना जरा जास्त पुण्य हवं होतं म्हणून त्यांनी ओंजळ भरून घेतली. मग ते घाबरून परसात गेले आणि घाबरल्यावर करत तेच त्यांनी केलं: तंबाखू काढली, तळहातावर चुना घेतला आणि अंगठ्याने मळू लागले. तळहात जांभळट गुलाबी झाला. तंबाखू सोड म्हणून सर वीस वर्षं त्यांच्या मागे लागले होते. डेरिकनी पुडी विहिरीत फेकली आणि तिथल्या तिथे पापांची कबुली द्यायला फादरांना शोधू लागले. तेवढ्यात मोरीतून किंकाळी आली. शर्ली आंटींनी साबणाने हात धुतले होते.

पाच वाजेपर्यंत शेजारच्या वाडीतून माणसं आली. सहापर्यंत गोखिवऱ्याहून गुडघेदुखीचे दोन रुग्ण रिक्षाने आले. कोणीतरी चपलांसाठी रांग आखली. क्रूसाभोवती रोझरी, जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली.

"त्यांनी खूण दिली," हिल्डाबाई म्हणाल्या आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवल्या. दोनदा भात घेतला.

एलिना भिंतीला टेकून आईचं ताट बघत होती. त्या रविवारी पप्पा भरत असलेली बाटली तिने पाहिली होती. खरं सांगितलं तर आई पुन्हा पेजेवर जाणार. नाही सांगितलं, तर ज्या माणसाने भूत, भानामती आणि डेरिकची तंबाखू यांच्याशी आयुष्यभर वाद घातला, त्याच्या अंगणात लोक गुडघे बरे करून घ्यायला येणार, आणि तेही त्याच्याच बाटलीने.

फादर एडवर्ड तिच्याजवळ आले. ते सरांचे विद्यार्थी.

"आठवीत हे मला सरांनीच दाखवलं होतं," ते हळूच म्हणाले. "स्पिरिटच्या वासावरूनच शंका आली होती. पण माझ्या हातून झालंय. मी सांगितलं तर म्हणतील, ह्या फादरचा विश्वास कमी आहे. तू सांगतेस?"

"उद्या चार वाजता," एलिना म्हणाली. रविवारी मुलं तेव्हा अजूनही येतातच.

रात्री तिने सरांची वही काढली. कृती सोप्या होत्या, कारणं मात्र तिच्या डोक्यावरून जात होती. लहानपणापासून सर प्रत्येक प्रयोगानंतर तिला विचारत, कळलं का? आणि पुस्तकाकडे लवकर परतता यावं म्हणून ती दर वेळी म्हणे, हो, कळलं. त्यांना इतका आनंद होई की पुढे ते बदलण्याची सोय उरली नाही.

रविवारी सकाळी रंग उतरू लागला. त्याला होळीतल्या काही लोकांचं वागणं कारणीभूत आहे, असं शर्ली आंटींनी जाहीर केलं आणि तीन नावं घेतली. त्यातले दोघे तिथेच उभे होते. चारला अंगण माणसांनी भरलेलं, आणि अगदी पुढे, जमिनीवर, नऊ मुलं.

एलिनाने चुन्याची निवळी काचेच्या ग्लासांत ओतली. वाडग्यातलं उरलेलं द्रव्य थेंब थेंब टाकलं. नऊ ग्लास गुलाबी झाले. मग मुलांच्या हातांत पपईच्या देठाच्या धुतलेल्या नळ्या दिल्या. फुंकायचं, ओढायचं नाही, हे तिने चारदा सांगितलं. मुलांनी गाल फुगवले. बुडबुडे आले, रंग फिका होत गेला आणि एकेक ग्लास पांढरट झाला.

"हे पप्पांचं प्रयोगाचं पाणी," एलिना म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "बाटलीची अदलाबदल झाली. काल क्रूसावर हेच शिंपडलं गेलं. चमत्कार नाही."

मग मागून एकाने विचारलं, निष्पाप मुलांनी फुंकलं म्हणून रंग गेला का? गोखिवऱ्याच्या रुग्णांपैकी एकाने गुडघा पुढे केला आणि एखाद्या मुलाला यावर फुंकायला सांगा म्हणाला. फादर एडवर्डनी डोळे मिटून घेतले. डेरिकनी तळहाताकडे पाहत विचारलं की मग आता तंबाखू चालेल का.

एलिनाचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ती आईसमोर जाऊन उभी राहिली.

"मम्मी, मला सांगावं लागलं."

"मला काय सांगतेस?" हिल्डाबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्यांचे प्रयोगाचे रुमाल धुतले मी. साबण लावला की मोरीभर हाच रंग."

"मग काल खूण म्हणालीस ती?"

"खूण म्हणाले. चमत्कार कुठे म्हणाले? असा घोळ त्यांच्याशिवाय कोणाला जमला असता का?" मग त्यांनी डेरिककडे मान वळवली. "आणि तुम्हाला तंबाखू नाही. ते बघतायत."

आधी फादर हसले. मग शर्ली आंटी हसल्या, पण आपण मातेला योग्य जागीच ठेवलं होतं हे त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. रुग्ण रिक्षा शोधायला गेले. अंगण रिकामं होत गेलं. मुलं मात्र हलली नाहीत. ॲनिशा आपला ग्लास उजेडात धरून कधीची बघत होती. नेहमी अगदी पुढे बसणारी ती, सरांची लाडकी.

"एलिनाताई, आपण फुंकल्यावर रंग जातो कुठे?"

एलिनाने वहीचं पान उघडलं. सरांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर तिथे होतं, तीन ओळींत सगळं लिहिलेलं. तिने ते एकदा वाचलं, मग परत वाचलं. मुलं वाट बघत होती. ओट्यावर आईही थांबली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मग वहीकडे बघतच, पण मुलांशी नव्हे, म्हणाली, "पप्पा, मला एकदाही कळलं नव्हतं. मी नुसतं हो म्हणायचे. परत एकदा सांगा ना."