सायलीबाईंनी आठ प्रोसेसर रुजू करविले, त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, श्रावण शुद्ध द्वादशी, बुधवार. ते दिवशी नाशकी, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, कांदा निवडणाऱ्या यंत्राची जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही.

सायखेड्याच्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्षा चतुराबाई यांनी यंत्र दोन वेळा नापास केले होते आणि तिसऱ्या खेपेस ते घडविणाऱ्या सायलीबाईंस सकाळी अकराची मुदत देऊन फर्माविले होते की, "पोरी, चाळीतला कांदा सडाया लागलाय. आज जमलं तर ठीक, नाय तर बाया हातानं निवडतील, अन् तुझं यंत्र तुला लखलाभ." सायलीबाईंची दोन वर्षे त्या यंत्रात गेली होती; आज हार म्हणजे ते भंगारात, हे त्या जाणून होत्या. आणि नऊ वाजता पाहतात तो यंत्रातील आठ प्रोसेसरांपैकी चारच कामावर, आणि पट्टा भरधाव, दर कांद्याची छबी तपासणे चौघांस झेपेना, आणि सडका कांदा चांगल्यांत मिसळून बेलाशक निघून जातो.

येथे दस्तूर सांगणे अगत्याचे. संगणक सुरू होता प्रथम एकच प्रोसेसर जागा असतो. बोर्डावरील चिपेत फर्मवेअर नामे जुना कारभारी, तो तमाम प्रोसेसरांची यादी हवाली करतो. मग कर्नेल, जो पुढे सर्व राज्य चालविणार, ती वाचून एकेकास उठवितो. यादीत ज्याची नोंद नाही, त्यास हाक नाही.

कर्नेल सायलीबाईंच्या अमलात, फर्मवेअर हर्षलदादांच्या. हर्षलदादांनी टेबलापलीकडून कळविले, "माझ्या यादीत आठ नावं आहेत. तुझ्या कर्नेलला मोजता येत नसेल तर बालवाडीत घाल त्याला." सायलीबाईंनी राग गिळला आणि यादी कागदावर काढून ओळीवर बोट ठेवून वाचिली. नावे खरोखर आठ. परंतु दर नावापुढे कामास लायक की नाही याची एक खूण असते, आणि शेवटल्या चौघांपुढे शून्य.

"दादा, हे चौघं बंद कोणी केले?"

हर्षलदादांनी कागद आपल्याकडे ओढून पाहिला. "मीच. मे महिन्यात सटाण्याच्या चाचणीला पत्र्याखाली बोर्ड तव्यासारखा तापला होता, म्हणून चौघांना सुट्टी दिली. परत बोलवायचं राहून गेलं." तेथे पट्टा संथ होता, चौघांवर निभावले, गैरहजेरी कोणाच्या ध्यानी आली नाही.

खूण न मानण्याचा हुकूम कर्नेलास देणे सायलीबाईंस अवघड नव्हते. परंतु असा कर्नेल उद्या दुसऱ्या बोर्डावर खरोखरच बिघडलेल्यास हाक मारून ताटकळत बसेल, म्हणून त्यांनी तो बेत सोडिला. बोर्डावर आता पंखे होते. हर्षलदादांनी शून्याचे एक केले आणि यादी चिपेत लिहू लागले, आणि मध्येच वीज तुटली तर बोर्ड कायमचा मेला, सबब सायलीबाई बोर्डास वीज देणाऱ्या बॅटरीच्या प्लगवर हात ठेवून तीन मिनिटे जागच्या हलल्या नाहीत. मग यंत्र पुन्हा सुरू केले आणि पडद्यावर ओळ उमटली: आठ प्रोसेसर कामावर.

अकरास पाच कमी असता चतुराबाई आल्या. पट्ट्यावर दोन गोण्या ओतविल्या आणि चांगल्या ढिगात स्वतः बसून कांदा कांदा उलटून पाहिला, सडका एकही निघाला नाही; मग सडक्यांचा ढीगही चाळला. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "यंत्र गाडीत घाला."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शत्रूकडील एकशे बारा सडके कांदे पाडाव. आपल्याकडील हानी एक: एक निरोगी कांदा चुकून सडक्यांत गेला होता, तो चतुराबाईंनी पुसून आपल्या पिशवीत टाकिला.