भोईवाड्यातल्या टाकीचं छायाचित्रण

पाण्यात खाली जाऊ लागलं की सर्वांत आधी लाल रंग नाहीसा होतो. मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी निळा उरतो, आणि तो दिसायला चांगला असल्यामुळे बाकीच्यांची कुणी चौकशी करत नाही.

ही गोष्ट भोईवाड्याच्या सुशांत परुळेकरला तारकर्लीला समजली. विमा कंपनीत क्लेम तपासणारा हा माणूस चाळिशीत स्कूबा डायव्हिंग शिकला आणि पाण्याखाली फोटो काढू लागला. त्यासाठी त्याच्याकडे कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी, पाण्यात चालणारे दोन मोठे फ्लॅश आणि ते कॅमेऱ्यापासून लांब धरणारे दोन दांडे होते. (फ्लॅश जवळ असला तर पाण्यातले कणच चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.) हे सामान कपाटात राहत असे आणि बायकोच्या, म्हणजे अक्षदाच्या, साड्या पलंगाखाली. याबद्दल अक्षदा फक्त एकदाच बोलली होती. ते बोलणं अजून चालू होतं.

समुद्रातून आल्यावर हे सामान गोड्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर मीठ धरतं. डिसेंबरात तारकर्लीहून परतल्यावर सुशांतने पेटी दिवसभर बादलीत ठेवली. बाहेर काढली तेव्हा काचेवर तपकिरी साय होती. अरबी समुद्राला जे जमलं नव्हतं ते बिल्डिंगच्या नळाने करून दाखवलं होतं. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या गंगुबाईंना कावीळ झाली म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. सुशांतने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. क्लेम तपासणाऱ्यांना ही खोड असते.

सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजी रावले, म्हणजे सगळ्यांचे तात्या, यांनी जमिनीखालची टाकी साफ केल्याचं प्रमाणपत्र दाखवलं. ते लॅमिनेट केलेलं होतं, त्यामुळे त्याला पाण्यापासून धोका नव्हता. टाकी रिकामी करून बघावी तर अख्खी बिल्डिंग दिवसभर कोरडी राहणार. मग मी भरल्या टाकीत उतरून फोटोच काढतो, असं सुशांत म्हणाला.

समितीने सखोल चर्चा करून परवानगी दिली. अट एवढीच की उतरणाऱ्याने आधी साबण लावून आंघोळ करावी (त्याच टाकीच्या पाण्याने), पाण्यात लघवी करणार नाही असं हमीपत्र द्यावं, आणि टाकीतली कुठलीही वस्तू सामाईक मालमत्ता असल्याने बाहेर आणू नये.

रविवारी सकाळी तो उतरला. वर अक्षदा दोरी धरून बसली होती. पहिला फोटो त्याने फ्लॅश न लावता काढला. झाकणातून उतरलेला उजेड, निळंशार पाणी, अगदी देवळातली शांतता. आपण उगाच बिल्डिंगवर संशय घेतला, असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने फ्लॅश लावले.

लाल रंग परत आला. तो गंजाचा होता. तळाला वीतभर गाळ, त्यात एक डावी चप्पल, कबुतराची पिसं, आणि टाकी घासायचा नवाकोरा ब्रश, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. त्याने दांडे होते तेवढे लांब केले, तरी बर्फ पडतच होता. त्याला गंगुबाई आठवल्या, मग स्वतःचा सकाळचा चहा. तोंडातली हवेची नळी त्याने दातांनी घट्ट धरली.

सभेत दोन्ही फोटो टीव्हीवर लावले. तात्यांनी चष्मा पुसला आणि मायेने विचारलं, "दुसऱ्यात तू बत्ती लावलंस ना रे?"

"हो, तात्या."

"मग घाण दिसतलीच. त्यात पाण्याची काय चूक?"

टाकीत कृत्रिम प्रकाश नेण्यास मनाई आणि नैसर्गिक प्रकाशातल्या फोटोला मान्यता, असा ठराव सदतीस विरुद्ध एक मताने मंजूर झाला. सुशांत हाच ठरावाचा विषय असल्याने त्याला मत नव्हतं. विरोधातलं एक मत अक्षदाचं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली. फ्लॅशच्या बाजूने ती पहिल्यांदाच उभी राहिली. घरी येऊन तिने साड्यांचा विषय काढला नाही. सुशांतला पराभव त्यामानाने सोपा गेला.

निळा फोटो फ्रेम करून लॉबीत लावला आहे. पाहुणे विचारतात, अंदमान का? तात्या विनयाने नाही म्हणतात. गंगुबाई बऱ्या होऊन आल्या तेव्हा त्या फोटोसमोर थोडा वेळ थांबल्या, "काय नितळ गो," म्हणाल्या आणि वर जाऊन सुनेला पाणी वीस मिनिटं उकळायला सांगितलं.

त्यानंतरच्या महिन्यात ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या सदतीसही घरांनी बाहेरून पाण्याचे जार मागवायला सुरुवात केली. पहिला जार तात्यांचा. आता सकाळी आठ ते नऊ लिफ्ट जारांसाठी राखीव असते आणि माणसं जिन्याने जातात, त्यामुळे तब्येतीही सुधारल्या आहेत. सुशांतच्या घरीही जार येतो. तो कुठे भरतात हे सुशांतने अजून विचारलेलं नाही. विचारलं तर जाऊन बघावं लागेल, हे त्याला माहीत आहे.

तुमच्याकडे येतो तो कुठे भरतात? विचारणार असाल तर तहान लागली असेल तेवढं आधी पिऊन घ्या.