डोमाभाऊच्या फोनातले देव

डोमाभाऊ फोन उघडाच्या आधी चप्पल काढतेत. रस्त्यावर असोत का धानाच्या बांधीतल्या चिखलात. फोन वाजला का लोक हॅलो म्हणतेत, हे पह्यले चप्पला बाजूले सारतेत. आतमंधी देव हायेत ना.

आमच्या शेजारी एकटेच राह्यतेत. पोरगा पुण्याले. तो रोज सकाळी एक देव पाठवते, कधी गणपती, कधी शंकर, कधी डोळे मिचकावणारा हनुमान. फोन करत नाई, देव पाठवते. डोमाभाऊ काचेवरच हळदकुंकू लावतेत. फोन पिवळा झाला, बोलाचं भोक अर्धं बुजलं.

माही सासू म्हणे, "भाऊ, फोनातला देव का देव होते? चार्जिंग संपली का गेला."

"अन तुमचा कॅलेंडरातला, बाई? महिना संपला का फाडता ना त्याले?"

तवापासून सासूनं कॅलेंडर फाडणं सोडलं.

एखादा देव दोनदा आला तं डोमाभाऊ गावाबाहेरच्या बोडीवर, त्या लहान्या तळ्यावर जातेत. पाण्यात बोट बुडवतेत, "फिरून या देवा" म्हणतेत अन डिलीट दाबतेत. ओल्या बोटानं फोन ऐकत नाई. एका गणपतीले अर्धा अर्धा तास लागे. मीही हासत होती.

मग माह्या पोरीले ताप आला. पाच महिन्याची पोरगी, दोन दिवस झाले तरी ताप उतरे नाई, अन त्या दुपारी श्वास घेतला का बरगड्या आत जायेत. नवरा मिरची तोडाले तेलंगणात, घरातला फोन त्याच्यापाशी. मी पोरीले उचललं अन पळत डोमाभाऊकडे गेली. आरोग्य केंद्रातल्या आशाबाईले फोन लावला. ती म्हणे, छातीचा व्हिडिओ पाठव, मी लगेच डॉक्टरले दाखवते. काढाले गेली तं फोन म्हणे, जागा नाई.

देव पुसा म्हणून कसं म्हणू? डोमाभाऊनं फोनकडे पाह्यलं, मग पोरीच्या छातीकडे.

"भाऊ, बोडीवर जाऊ का?"

"बोडी दूर हाय," म्हणे. "बस इथीच."

कोरड्या बोटानं सगळे देव निवडले अन दाबलं. चप्पल पायातच होती.

व्हिडिओ गेला, गाडी आली, गडचिरोलीच्या दवाखान्यात सहा दिवस राह्यलो. पोरगी वाचली. मी अजूनबी घडीघडी तिच्या नाकाखाली बोट धरते.

परत आली तं सासू म्हणे, भाऊ रोज बोडीवर जाऊन बसतेत, माफी मागतेत. मी पोरीले घेऊन बोडीवर गेली अन म्हटलं, "भाऊ, तुमच्या पोराले सांगा, सारे देव फिरून पाठवन."

"त्याले का मालूम, बाई, त्यानं का पाठवलं थे. एकदा दाबते अन साऱ्याइले जाते. मीच ठेवत होतो जपून."

मी पोरीले दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आता आलेला देव त्याच दिवशी बोडीत सोडतो," ते म्हणे. "जागा मोकळी ठेवा लागते. लेकराचं काई सांगता येते का?"

मग चप्पला काढल्या, तापल्या भुईवर उभे राह्यले अन फोन उघडून दाखवला. आत एकही देव नव्हता. माह्या पोरीची छाती होती, वरखाली होऊन राह्यली होती.