काकडीचं अनेकवचन

शिवमंदिराच्या रस्त्यावर, आपल्या सोसायटीच्या फाटकाशी, दिनानाथ हातात खडू घेऊन उकिडवे बसले होते. एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत तीस वर्षं त्यांनी डब्यांवरची लेबलं तपासली होती. निवृत्तीनंतर लेबलं संपली, तपासणी राहिली. आज पाळी रंजनाच्या पाटीची होती.

रंजना बारवीकडच्या पाड्यावरून रानभाजी घेऊन यायची. पाटीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'शेवळं. संगती काकडं घ्या.'

"हे शेवाळ हवं," दिनानाथ म्हणाले. "'व'ला काना."

"शेवाळ डबक्यात असतं, काका. ही शेवळं. रानातली."

दिनानाथांनी खडू गुपचूप पुढच्या शब्दावर नेला. "असेल. पण काकडं हा शब्दच नाही. काकडी, अनेकवचन काकड्या." रंजना दुसऱ्या गिऱ्हाइकाला जुड्या बांधून देत होती, तेवढ्यात त्यांनी 'काकडं' पुसून 'काकड्या' लिहूनही टाकलं.

त्याच रविवारी दुपारी सोसायटीचं एकत्र जेवण होतं आणि सेक्रेटरी यज्ञेशने भाजीचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांनी शेवळांच्या तीस जुड्या घेतल्या.

"काकडं किती देऊ?" रंजनाने आवळ्याएवढ्या हिरव्या फळांची टोपली पुढे सरकवली.

दिनानाथ टोपलीकडे न पाहता पिशवी सावरत होते. "त्या मी मंडईतून घेतो."

"तिकडं मिळतात?"

"ढिगाने!"

आचारी मधु उल्हासनगरच्या लग्नांतला पनीरवाला. शेवळं त्याने जन्मात पाहिली नव्हती. यादी वाचून त्याने विचारलं, "काका, ये काकडी सलाडला ना?"

"भाजीत. पारंपरिक पद्धत आहे," दिनानाथांनी ठामपणे सांगितलं.

गच्चीवर पहिल्या पंगतीला बावीस माणसं बसली. दुसऱ्या घासाला शेजारच्या ओवीची आई खाकरली. तिसऱ्याला सगळी पंगत खाकरू लागली. घशात कुणी कुसळं भरल्यासारखं झालं. तळमजल्यावरच्या वृंदाताईंनी घरातली सगळी चिंच आणि गूळ आणून मांडला. लोक चिंचेसाठी रांगेत उभे राहिले.

"त्या बाईने काय विकलं हे?" यज्ञेश घोगऱ्या आवाजात ओरडला. "उद्यापासून तिने इथे बसायचं नाही!"

दिनानाथ घसा धरून बसले. घसा खरोखरच खाजत होता, पण गप्प राहायला तो फार सोयीचा पडला. याचीच लाज त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाटली.

सगळे फाटकाशी गेले. रंजनाने शांतपणे विचारलं, "काकडं घातली नव्हती का?"

"चार किलो घातली!" मधु म्हणाला आणि पुरावा म्हणून काकडीची चकती पुढे केली.

रंजनाने चकती पाहिली. मग टोपलीतलं एक हिरवं फळ उचललं. "ही काकडं. आंबट असतात. यांच्याबिगर शेवळं घसा धरतात. पाटीवर लिवलंय ना मी..." पाटी वळवताना ती थांबली. तिथे एक टपोरं, सुबक 'काकड्या' होतं. तिने दिनानाथांकडे पाहिलं. "कुणीतरी पुसलंय," ती एवढंच म्हणाली.

तिने नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं दिनानाथांना वाटलं.

"मी पुसलं," ते म्हणाले. आवाज बेडकासारखा निघाला.

"काका, तुम्ही?" यज्ञेशने विचारलं.

"मला वाटलं, अनेकवचन चुकलंय."

यज्ञेशला हसू आलं, पण हसताच घसा असा खाजला की तो खाली बसला. बाकीच्यांनी तो धोका पत्करला नाही.

"रंजनाताई, मला शब्द माहीत नव्हता," दिनानाथ खाली मान घालून म्हणाले. "आणि वर सगळे तुम्हाला बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो."

"इचारायचं व्हतं, काका," रंजना म्हणाली आणि टोपली झाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दिनानाथ आधीच फाटकाशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते घोगऱ्या आवाजात अडवून सांगत होते, "काकडी नव्हे बरं, काकडं! का? थांबा, काय ते यांनाच विचारा."

एका बाईंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "हे कोण हो? तुमच्या घरचे का?"

"नाय वो," जुडी बांधता बांधता रंजना म्हणाली. "नवीन हायत. शिकतायत अजून."